वागणे कोणाचे बदलायचे?

सुरतेची साडी दुकानात यायच्या आधी वाफेतून जाते. पांडेसरा, सचिन, पलसाणा या पट्ट्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलना दिवसरात्र गरम पाणी आणि वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर पेटता ठेवावा लागतो आणि बॉयलरच्या पोटात कोळसा नाहीतर लिग्नाइट जातो. धुराड्यातून निघणारे बारीक कण वारा नेईल तिकडे जातात. ते ज्यांच्या घरांवर बसतात, त्यांत उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्याही आल्या. या वस्त्यांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आहेत. मिलमालकाने वागणे बदलावे, एवढीच त्यांची गरज. प्रश्न एवढाच की ते बदलायचे कसे?

कायदा होताच. धुरात कणांचे प्रमाण किती असावे याची मर्यादा ठरलेली होती आणि ती ओलांडणे हा गुन्हा होता. गुजरातेत तर १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरणाचे लेखापरीक्षणही सुरू झाले. बाहेरचा तपासनीस कारखान्यात येणार, धूर मोजणार, अहवाल देणार. खोड एका ठिकाणी होती. तपासनिसाला नेमायचा कारखानदार आणि पैसे द्यायचा तोही कारखानदार. मग अहवालातले आकडे मर्यादेच्या अगदी खाली येऊन कसे थांबत असतील, हे सांगायला मेंदूतज्ज्ञ नको. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरतेतल्या ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवला, त्याचे मानधन सामाईक निधीतून आणि ठरावीक दिले, आणि त्याने केलेल्या मोजणीची मधूनमधून फेरतपासणी केली. तपासनीस तेच, यंत्रे तीच. पण अहवाल खरे येऊ लागले आणि त्यापाठोपाठ त्या कारखान्यांचे प्रदूषणही घटले.

पुढचा टप्पा २०१९ चा. या वेळी सुरतेत धुराचा बाजार भरवला गेला. मोठ्या कोळसा-बॉयलरांचे ३१७ कारखाने निवडले आणि त्यांतले १६२ सोडतीने या बाजारात घेतले. बाकीचे जुन्याच नियमांखाली राहिले. धुराड्यात बसवलेले यंत्र सतत मोजमाप करून मंडळाकडे पाठवत राहणार. सगळ्यांनी मिळून महिन्याला किती टन कण सोडायचे याची कमाल मर्यादा ठरली, सुरुवातीला २८० टन. तेवढ्या वजनाचे परवाने निघाले, बहुतेक फुकट आणि थोडे लिलावाने. ज्याचा धूर कमी, त्याने उरलेले परवाने विकावेत. ज्याचा जास्त, त्याने विकत घ्यावेत. किलोला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १०० रुपये. परवान्याहून अधिक धूर सोडला तर आधीच जमा केलेल्या अनामत रकमेतून कापणी. हवेतल्या कणांसाठीचा जगातला पहिला बाजार म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आले: बाजारातल्या कारखान्यांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी, नियमपालन जवळपास शंभर टक्के, आणि मालकांचा धूर आवरण्याचा खर्चही उतरलेला.

मेंदूविज्ञानाने माणसाचे वागणे बदलावे का, कितपत बदलावे, या विषयाची प्रस्तावना धुराड्यापासून कशासाठी, असे वाचकाला वाटेल. कारण असे की सुरतेत वागणे बदलले आणि मालकांच्या मेंदूकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना नियम आधी सांगितले, प्रशिक्षण दिले, हिशेब समोर ठेवला. बाजारातला प्रत्येक जण आपल्यावर काय प्रयोग चालला आहे हे जाणून होता, आणि जाणून असूनही प्रयोग चालला. ही एक मोजपट्टी हाताशी धरून इतर उदाहरणांकडे पाहिले, तर या विषयातली खरी गाठ दिसू लागते. कोणाला समजावून बदलायचे आणि कोणाला नकळत, ही निवड आपल्याकडे बहुधा माणसाच्या ऐपतीवर ठरते.

वडाळ्याचे उदाहरण घ्या. मुंबईच्या लोकलचे रूळ ओलांडताना माणसे मरतात ही बातमी राहिलेली नाही, इतकी ती रोजची आहे. दंड झाले, भिंती झाल्या, भिंतींना भगदाडे झाली. २०१० च्या सुमारास मध्य रेल्वेने मुंबईतल्या ‘फायनल माइल’ या सल्लागार संस्थेला वडाळा स्थानकाजवळ प्रयोग करू दिला. जाहिरात क्षेत्रातून आलेले बिजू डॉमिनिक आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की रूळ ओलांडणाऱ्याला धोका माहीत असतो, त्याला आणखी माहिती देऊन उपयोग नाही. निर्णय ज्या क्षणी होतो त्या क्षणी त्याच्या मेंदूला गाठायला हवे.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. रुळांखालचे स्लीपर काही अंतर सोडून पिवळे रंगवले. मोठी वस्तू दुरून येताना आहे त्यापेक्षा हळू येत असल्यासारखी भासते, असे हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने रेल्वे फाटकांच्या संदर्भात १९८५ मध्ये मांडले होते. पिवळे पट्टे एकामागून एक गिळत येणारी गाडी पाहिली की डोळ्याला वेगाचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट शिटीची. मोटरमनने एक लांब शिटी देण्याऐवजी दोन तुटक शिट्या द्यायच्या, कारण आवाजापेक्षा दोन आवाजांमधल्या खंडाने लक्ष चटकन वेधले जाते. तिसरी गोष्ट फलकाची, आणि ती पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी. जिथून लोक उतरत तिथेच एका माणसाच्या चेहऱ्याची तीन छायाचित्रे: गाडी अंगावर येते आहे, आणखी जवळ आली आहे, आता गाठलेच आहे. त्यात रक्त नव्हते की मृतदेह नव्हता. भीतीने ताणलेला एक चेहरा होता, एवढेच. फलकावर सूचना नव्हती, दंडाची रक्कम नव्हती. वाचता न येणाऱ्यालाही तो वाचता येत होता.

वडाळ्यातले मृत्यू त्यानंतरच्या महिन्यांत ठळकपणे घटले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी या प्रयोगाचे कौतुक केले. नीतीच्या बाजूनेही त्यात दोष काढणे अवघड आहे. रूळ ओलांडणाऱ्याला मरायचे नसतेच. त्याला जे हवे आहे, म्हणजे पलीकडे जिवंत पोचणे, तेच त्याच्याकडून करवून घेतले गेले. पिवळा रंग का लावला हे त्याला कोणी समजावून सांगितले असते, तरी रंगाचे काम बिघडले नसते. आणि खर्च? रंगाचे डबे आणि फलक.

खर्च इतका कमी होता, इथेच शंका डोकावते. माणूस रुळावर का उतरतो? कारण पूल लांब आहे, जिना अरुंद आहे, वस्ती एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला आहे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात हे आकड्यांत मांडले. देशात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतली ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. या मृत्यूंसाठी समितीने कत्तल हाच शब्द वापरला आणि कुंपणे, पादचारी पूल, भुयारी मार्ग यांवर बोट ठेवले. त्यानंतर पाच वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. ही माणसे रुळावर उतरली नव्हती, नियमाप्रमाणे पुलावरून जात होती. तेव्हा मेंदू समजून घेणाऱ्याने आधी जिन्याची रुंदी मोजावी, असे म्हणावेसे वाटते. वडाळ्याच्या प्रयोगकर्त्यांचा यात दोष नाही. त्यांना जेवढे काम सोपवले तेवढे त्यांनी कल्पकतेने केले. पण स्वस्त उपाय सापडला की महाग कर्तव्य लांबणीवर टाकायला अधिकाऱ्याला कारण मिळते, याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

पुराव्याची गोष्टही इथेच बोलून घ्यावी. सुरतेत १६२ कारखान्यांशेजारी तुलनेसाठी १५५ कारखाने होते. वडाळ्यात एक स्थानक होते आणि आधीचे महिने व नंतरचे महिने यांची तुलना. यातला कुठला पुरावा भक्कम, हे शाळकरी पोरही सांगेल. तरी ‘मेंदूविज्ञानावर आधारित’ हे विशेषण वडाळ्याला लागले आणि त्याने ऐकणाऱ्यावर छाप पाडली. ही छाप कशी पडते याचाही अभ्यास झालेला आहे. येल विद्यापीठात डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की कच्च्या स्पष्टीकरणात मेंदूविषयीचे एखादे असंबद्ध वाक्य घातले, तरी सामान्य वाचकाला ते स्पष्टीकरण पटण्याजोगे वाटू लागते. पुढच्याच वर्षी क्रेग बेनेट या अमेरिकी संशोधकाने मेंदूच्या स्कॅनखाली एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि आकडेमोडीतली एक पायरी मुद्दाम गाळली. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! सहकाऱ्यांना सावध करण्यासाठी केलेली ही थट्टा होती आणि तिला २०१२ मध्ये इग नोबेलही मिळाले. रंगीत ठिपके असलेले मेंदूचे चित्र कोणी समोर धरले, तर वाचकाने हा मासा आठवावा.

वागणे बदलण्याचे सरकारी शास्त्र आता चोरून चालत नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक सर्वेक्षणात एक अख्खे प्रकरण याच विषयावर आहे. रिचर्ड थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून ‘नज’, म्हणजे हलका धक्का, हा शब्द मंत्रालयांतही रुळला. महाराष्ट्राला मात्र हा प्रकार त्याआधीपासून ठाऊक होता. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले आणि पुढे गावोगाव गुडमॉर्निंग पथके फिरू लागली. पहाटे लोटा घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचे, गुलाबाचे फूल द्यायचे, शिटी फुंकायची, कधी फोटो काढायचा. माणूस लाजेल आणि घरी संडास बांधेल, हा हिशेब. काही ठिकाणी तो बरोबर निघाला. पण ज्याच्याकडे जागाच नाही, पाणीच नाही, त्याची नुसती अब्रू गेली. बायकांच्या मागे शिटी वाजवत जाणाऱ्या पथकाला स्वच्छता म्हणायचे की छळ, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. लाज ही मज्जासंस्थेला हात घालणारी सगळ्यांत जुनी युक्ती आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही.

सुरतेचाच उलटा अनुभव इथे आठवतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. लोकांनी कचरा टाकू नये म्हणून त्यांनी दंड बसवलाच. पण त्याआधी वागणे बदलवले ते स्वतःच्या अधिकाऱ्यांचे. ‘एसी टू डीसी’ हे त्यांचे सूत्र गाजले: वातानुकूलित खोलीतून उठा आणि रोजच्या कामाला रस्त्यावर या. वॉर्डाचा साहेब सकाळी गटाराजवळ उभा दिसल्यावर नागरिकाला वेगळे धक्कातंत्र लागले नाही. १९९६ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेने सुरतेला देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरवले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते इंदूरबरोबर पहिले आले.

आतापर्यंतची उदाहरणे मेंदूच्या बाहेरून चालणारी होती. आत शिरून वागणे बदलण्याचा प्रयत्न आपल्या देशात झाला आहे, आणि त्याविषयी मराठीत फारच कमी लिहिले गेले. १९६० च्या दशकात मद्रासमध्ये डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम, डॉ. बी. राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी आक्रमक, अनावर रुग्णांवर मेंदूच्या खोल भागातल्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. अमिग्डाला किंवा हायपोथॅलॅमसमधला छोटा भाग निकामी करायचा, म्हणजे रुग्ण शांत होईल आणि घरच्यांना आवरता येईल. शांत करणारी शस्त्रक्रिया या अर्थाचेच नाव त्यांनी तिला दिले होते. रुग्णांत लहान मुले बरीच होती. अनेकांना फिट्स येत, मेंदूला इजा झालेली असे. राममूर्तींनी १९८८ मध्ये जो आढावा छापला, त्यात अशा शस्त्रक्रियांची संख्या सहाशेच्या वर आहे.

आज हे वाचताना लगेच संताप येतो, पण तो थोडा आवरावा. राममूर्ती भारतीय मेंदूशल्यचिकित्सेच्या पायाभरणीतले नाव आहे. मारणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या मुलाला खाटेला बांधून ठेवणारी आई त्यांच्या दारी यायची, आणि तेव्हा दुसरे औषध, दुसरी संस्था, दुसरा हात तिच्याकडे नव्हता. अडचण वेगळी आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे ठरवताना मोजले गेले ते इतरांना झालेले सुख: मूल सांभाळायला सोपे झाले का? ज्याच्या डोक्यात सुई गेली त्याला कसे वाटते, हे विचारायची रीत नव्हती. म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातले कलम ९६ महत्त्वाचे ठरते. मानसिक आजारावर उपचार म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती हवी आणि संबंधित मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचीही परवानगी हवी, असे ते सांगते. नातेवाइकांना सोयीचे वाटते, एवढे कारण आता पुरत नाही.

संमतीचा दुसरा मोठा झगडा न्यायालयात झाला, आणि त्याची एक बाजू पुण्यात तर दुसरी गुजरातेत आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी एक चाचणी तयार केली. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालायची, त्याला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची, आणि मेंदूतल्या विद्युत्लहरींवरून ते त्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे की नुसते ऐकले आहे, हे ओळखायचे. त्याने तोंड उघडायची गरज नाही. गांधीनगरच्या आणि मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळांनी ही चाचणी उचलून धरली. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, त्यात या चाचणीच्या निष्कर्षालाही वजन दिले, आणि परदेशी वृत्तपत्रांनी भारत मेंदू वाचून शिक्षा देणारा देश ठरल्याचे मथळे दिले. त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने या तंत्राला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. पुण्याच्या दोन्ही आरोपींना पुढे उच्च न्यायालयात जामीन मिळाला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. ते राज्यघटनेच्या २०(३) आणि २१ या अनुच्छेदांचा भंग ठरेल. संमती असेल तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतःहून पुरावा नाही. बोलायचे की गप्प राहायचे हे ठरवण्याचा माणसाचा हक्क त्याच्या कवटीच्या आतही लागू आहे, असा या निकालाचा अर्थ निघतो. जगातल्या फार थोड्या न्यायालयांनी हे इतक्या लवकर आणि इतके स्वच्छ सांगितले आहे. तरी पोलिस कोठडीतली ‘संमती’ किती मोकळी असते, हे ज्याने कोठडी पाहिली त्याला विचारावे.

कोठडीत न गेलेल्याही सर्वांच्या मेंदूशी मात्र दिवसभर कोणीतरी बोलत असते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या १९९७ च्या गाजलेल्या निबंधात माकडांच्या मेंदूविषयी एक निरीक्षण आहे: डोपामिनच्या पेशी अपेक्षित बक्षिसाला फारशा हलत नाहीत, अनपेक्षित बक्षिसाला उसळतात. जुगाराच्या यंत्राला हे आधीपासून ठाऊक होते. मोबाइलच्या पडद्याने ते सार्वत्रिक केले. पुढच्या रीलमध्ये काय असेल हे माहीत नसते, म्हणून अंगठा सरकत राहतो. सुरतेचा कापडधंदा आता याच पडद्यावर आला आहे. रिंग रोडच्या मार्केटमागच्या गोदामात एकाच डिझाइनच्या साड्यांचे गठ्ठे छताला टेकलेले असतात आणि पडद्यावर लाल अक्षरांत येते, ‘फक्त २ शिल्लक’. शेजारी उलटे घड्याळ पळत असते. नाशिकची एखादी बाई रात्री अकराला घाईघाईने ऑर्डर देऊन टाकते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. खोटी घाई हा त्यांतला पहिलाच प्रकार. सुरतेचे धुराडे आणि सुरतेचे हे घड्याळ शेजारी ठेवून पाहावे. धुराड्याच्या बाजारात सगळे उघड केल्यामुळे काम झाले. घड्याळाचा खोटेपणा उघड झाला की घड्याळ निकामी होते. नीती ओळखायची याहून सोपी कसोटी सापडणे कठीण.

आता मेंदू मोजणारी यंत्रे स्वस्त होऊन प्रयोगशाळेबाहेर आली आहेत. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर पट्ट्या बांधल्याची दृश्ये बाहेर आली. लक्ष आहे की नाही हे पट्टीवरच्या दिव्याचा रंग सांगायचा आणि अहवाल शिक्षकांकडे, पालकांकडे जायचा. लोक चिडले, प्रकार थांबवावा लागला. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूची हालचाल आणि तिच्यातून निघणारी माहिती यांना संरक्षण दिले. दोनच वर्षांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी सिनेटर गिडो गिरार्दी यांच्या बाजूने निकाल देत त्यांच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसायला एका अमेरिकी कंपनीला सांगितले. २०२५ च्या नोव्हेंबरात युनेस्कोच्या सदस्यदेशांनी मेंदूतंत्राच्या नीतीविषयी शिफारस स्वीकारली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण तिच्यात शाळा आणि कामाची जागा यांचा वेगळा विचार आहे.

कामाची जागा म्हटले की सुरतेत डोळ्यांसमोर येतो तो हिरे घासायच्या घंटीवर मान वाकवून बसलेला कारागीर आणि लूमच्या खडखडाटात बारा तास उभा राहणारा कामगार. दोघांच्याही कामात डुलकी म्हणजे नुकसान. हिरा चुकीचा घासला जातो, धागा तुटतो, बोट जाते. ‘तुझ्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणून कपाळाला पट्टी बांधा, असे उद्या कोणी म्हणाले तर ते ऐकायला वाजवीच वाटेल. पट्टी डुलकी ओळखेल, बोट वाचवेल. आणि महिनाअखेर कोणाचे लक्ष किती वेळ उडाले याची यादीही मालकाच्या टेबलावर ठेवेल. वडाळ्याच्या पिवळ्या रंगासारखी ती सुरुवातीला कामगाराच्याच हिताची असेल. बारा तासांची पाळी आठ तासांची करायची वेळ येईल तेव्हा मात्र पट्टी पुरेशी आहे, असे सांगितले जाईल.

याला अडवणारा कायदा आज भारतात आहे का? सेल्वीचा निकाल पोलिसांना अडवतो. मानसिक आरोग्य कायदा डॉक्टरांना अडवतो. मालकाला अडवायचे काम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडे जाते, आणि तिथे मोठी फट आहे. आधीच्या मसुद्यांत आरोग्यासारखी संवेदनशील माहिती वेगळी काढून तिला जास्त संरक्षण होते. संमत झालेल्या कायद्यात तो वर्गच नाही. शिवाय कलम ७ प्रमाणे नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर कामगाराची संमती लागत नाही. मेंदूच्या लहरी त्यात येतात की नाही, याविषयी कायदा काही बोलत नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. पुढील पानांतली चर्चा वाचून झाल्यावर वाचकाने निदान एक पत्र आपल्या खासदाराला लिहावे: मेंदूतून मिळणारी माहिती नोकरीच्या सवलतीतून स्पष्ट शब्दांत वगळा, आणि शाळेत किंवा कारखान्यात असे यंत्र लावायचे तर सुरतेच्या मिलमालकांना जशी नियम आधी सांगून, प्रशिक्षण देऊन, हिशेब समोर ठेवून वागणूक मिळाली, तशीच ती कामगाराला आणि विद्यार्थ्यालाही द्या.